रजेच्या अर्जातलं कारण

औषधांची चिठ्ठी हातात पडते, पुढची तारीख ठरते आणि खुर्चीतून उठता उठता पेशंट एक विनंती करतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाला ती पाठ झालेली असते : “डॉक्टर, ऑफिसला सर्टिफिकेट द्यायचंय, पण तुमच्या लेटरहेडवर नको.” मग ओळखीच्या फॅमिली डॉक्टरकडून दाखला येतो. त्यावर ‘व्हायरल फीव्हर’ असतं, आणि रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘ताप व अशक्तपणा’ असं लिहिलं जातं. पंधरा दिवसांनी माणूस कामावर परततो. शेजारच्या टेबलावरचे विचारतात, “उतरला का ताप?” तो मान हलवतो आणि कॉम्प्युटर सुरू करतो.

त्या रकान्यात खरं कारण लिहिता का येत नाही? कामावरच्या माणसाला मनाचा आजार झाला तर मालकानं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत अनेकदा बदललं. कायदा बदलला, शास्त्र बदललं, न्यायालयांची भाषा बदलली. अर्जातला तो रकाना मात्र फारसा हलला नाही.

सुरुवातीचं उत्तर एका वाक्याचं होतं : असा माणूस कामावर असूच शकत नाही. मुंबईकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणत, पुण्याकडे ‘येरवड्याला’. कोकणात रत्नागिरीचं नाव निघे, विदर्भात नागपूरचं. मनोरुग्णालय असलेल्या गावाचं नावच आजाराचं नाव होऊन बसलं होतं. कायद्याची नजरही तशीच होती. १९१२चा ‘इंडियन ल्युनसी अॅक्ट’ १९८७चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत चालू राहिला, आणि त्याला दोनच प्रकारची माणसं ठाऊक होती : शहाणी आणि वेडी. मन काळवंडलेलं असूनही रोज सकाळी कार्ड पंच करून यंत्रापुढे उभा राहणारा माणूस त्या कायद्याला दिसत नव्हता.

१९४८च्या कारखाने कायद्यात ‘आरोग्य’ नावाचं स्वतंत्र प्रकरण होतं. ते वाचताना गिरणीचा वास येतो. स्वच्छता, खेळती हवा, धूळ आणि धूर, कृत्रिम दमटपणा, गर्दी, प्रकाश, पिण्याचं पाणी, संडास-मुताऱ्या आणि शेवटी थुंकदाण्या. सूत तुटू नये म्हणून गिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवत. त्या हवेत कापसाचे तंतू ओढून छाती भरलेल्या कामगारासाठी हा कायदा मोठा आधार होता. फुप्फुसाची मोजदाद आधी झाली, हे योग्यच झालं. याच कायद्यानं पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमायला लावला. कामगाराची अडचण ऐकणं हेच ज्याचं काम, असा माणूस कारखान्याच्या आत आला. पण त्याच्या दारात येणाऱ्या तक्रारी असत कॅन्टीनच्या, कर्जाच्या, सुट्ट्यांच्या. महिनाभर खाडे करणारा माणूस हजेरीपुस्तकात फक्त ‘खाडे करणारा’ असे. तो रात्र रात्र जागा असतो, हे लिहायला पुस्तकात जागा नव्हती.

त्याच वर्षीच्या कामगार राज्य विमा कायद्यातून, म्हणजे ईएसआयमधून, पुढे एक तरतूद उभी राहिली. ती आजही फार थोड्या कामगारांना माहीत आहे. या योजनेत साध्या आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळतात. त्यापलीकडे ३४ दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यांतला आजार असला आणि नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असल्या, तर दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. क्षयरोग आणि कर्करोगाच्या त्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, तीव्र नैराश्य आहे, उन्माद-नैराश्याचा आजारही आहे. म्हणजे मनाचा आजार हे रजेचं खरं कारण असू शकतं, हे सरकारी कागदानं कबूल केलं होतं. लाज कागदाला नव्हती, माणसांना होती. आणि ज्याला ही माहिती सांगायची तो कामगार तोवर बहुतेक वेळा राजीनामा देऊन गावी गेलेला असे.

मालकाच्या नजरेत मन शिरलं ते दारूच्या वाटेनं.

अमेरिकेत १९४०च्या दशकात ड्यू पाँटसारख्या कंपन्यांनी दारुड्या कामगारांसाठी उपचाराची सोय सुरू केली. कसबी माणूस काढून टाकून नवा तयार करण्यापेक्षा त्याला बरं करणं स्वस्त पडतं, असा तो हिशेब होता. हिशेबातून का होईना, माणूस वाचत होता. त्यातूनच पुढे कर्मचारी साहाय्य योजना आल्या, आणि दारूबरोबर घरगुती भांडणं, कर्ज, चिंता, नैराश्य अशी यादी वाढत गेली. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं ते गर्दच्या व्यसनापासून. पुढे दारूचे पेशंट आले आणि त्यांत कारखान्यांतून आलेले कामगारही होते. ‘उपचार घे, नोकरी राहील’ हे चार शब्द कामगाराच्या घरी काय करत असतील, हे त्याची बायको सांगू शकेल. बडतर्फीच्या नोटिशीऐवजी उपचाराची चिठ्ठी देणं ही त्या काळातली मोठी झेप होती.

तरी त्या विचाराला एक मर्यादा होती. बिघाड कामगारात आहे, कारखाना ठीक आहे, हे त्यात धरून चाललेलं होतं. लेथचा झिजलेला भाग काढायचा, दुरुस्त करायचा, परत बसवायचा. लेथ कोणत्या वेगानं चालतो आहे, हे कुणी पाहत नव्हतं.

ते पाहायला सुरुवात झाली १९७०च्या दशकात. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास चालू होता. हृदयविकार वरिष्ठ साहेबांना जास्त, अशी सर्वसाधारण समजूत होती. आकडे उलटे निघाले. हुद्दा जितका खालचा, तितकं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण जास्त. १९७९ मध्ये संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी या कोड्याचा एक धागा सोडवला. नुसतं ओझं माणसाला तितकं मोडत नाही. ओझं भरपूर आणि ते कसं उचलायचं हे ठरवण्याचा अधिकार शून्य, ही जोडी मोडते. काउंटरवर रांग वाढत चाललेली, संगणक हँग झालेला, वरून साहेबांचा फोन आणि आपल्या हातात काहीच नाही. कुठल्याही बँकेतल्या कॅशियरला हे सिद्धांताशिवाय कळेल.

मग न्यायालयात एक खटला आला आणि त्यानं या विचाराला धार दिली. इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँड कौंटी कौन्सिलमध्ये समाजसेवा विभागाचा एक अधिकारी होता. मुलांवरच्या अत्याचाराची प्रकरणं त्याच्या विभागाकडे वाढत होती, माणसं तेवढीच होती. १९८६च्या नोव्हेंबरात तो कोसळला. मार्च १९८७ मध्ये परत आला तेव्हा मदतनीस देण्याचं आश्वासन मिळालं होतं. मदतनीस आला, आणि महिनाभरात काढूनही घेतला. त्याच्या गैरहजेरीत साचलेलं काम टेबलावर तसंच होतं. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा कोसळला आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये आजारपणाच्या कारणानं त्याची नोकरी गेली. न्यायालयाचा निकाल काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. पहिल्या वेळी तो कोसळेल हे कौन्सिलला आधी कळणं शक्य नव्हतं, म्हणून दोष कौन्सिलचा नाही. दुसऱ्या वेळी मात्र त्यांना ठाऊक होतं. म्हणून जबाबदारी त्यांची.

खरी कसोटी आजारी पडण्याच्या वेळी नसते, परत येण्याच्या वेळी असते. या निकालाइतकं हे कुणीच स्वच्छ दाखवलेलं नाही. जपाननं ‘करोशी’ म्हणजे अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला शब्द दिला, त्यावर खटले पाहिले आणि डिसेंबर २०१५ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा मनावरच्या ताणाची तपासणी सक्तीची केली. ते सगळं मोलाचं आहे. पण नॉर्थम्बरलँडच्या त्या मदतनिसाची गोष्ट प्रत्येक ऑफिसला आपली वाटेल अशी आहे.

भारतात कायद्याची वाट वेगळी, अपंगत्वाच्या दारातून आलेली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती आणि त्यांत मानसिक आजार होता. पण नोकरीतलं तीन टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालींच्या अपंगत्वापुरतं होतं. मनाचा आजार यादीत असून पंक्तीत नव्हता. याच कायद्याचं कलम ४७ मात्र फार माणुसकीचं होतं. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येणार नाही, हुद्दा उतरवता येणार नाही, दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. बसचालकाची नजर गेली तर त्याला डेपोत काम द्यावं, हे लोकांना पटू लागलं. मन आजारी पडलेल्या माणसालाही हेच कलम लागू होतं, हे सुचायला बराच काळ जावा लागला.

२०१६ मध्ये नवा दिव्यांग हक्क कायदा झाला. अपंगत्वं २१ झाली, आरक्षण चार टक्क्यांवर गेलं आणि त्यातला एक टक्का ज्या गटांसाठी आहे त्यांत मानसिक आजार आला. या कायद्यात एक कल्पना ठळकपणे आली : वाजवी सोय. माणूस कामाला बसतो का, एवढंच विचारायचं नाही. काम माणसाला बसवता येतं का, हेही विचारायचं. पाठोपाठ २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या मसुद्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्राचे डॉ. सौमित्र पाठारे यांचा मोठा वाटा आहे. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यानं दिला. पूर्वी कधी उपचार घेतले, एवढ्यावरून आज कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही, असंही सांगितलं.

आणि मग तो निकाल. केंद्रीय राखीव पोलीस दलातला एक अधिकारी २००९ पासून ओसीडी आणि नैराश्यानं आजारी होता. २०१० मध्ये त्याच्याविरुद्ध तक्रार झाली : मारावं किंवा मरावं असे विचार मनात येतात, असं तो म्हणाला होता, गोळी घालण्याची भाषा केली होती. विभागीय चौकशा सुरू झाल्या. एका सशस्त्र दलाला अशी भीती वाटणं समजण्यासारखं आहे, आणि या प्रकरणाचं महत्त्व नेमकं त्यामुळेच आहे. सोपं प्रकरण असतं तर त्यातून तत्त्व निघालं नसतं. १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाचा निकाल लिहिला. कारवाईमागच्या अनेक कारणांपैकी एक कारण जरी मानसिक अपंगत्व असेल, तरी कायद्याचं संरक्षण लागू होतं, असं त्यांनी म्हटलं. शिस्तभंगाची कारवाई रद्द झाली. सध्याच्या कामाला तो अपात्र ठरला तर दुसरं काम द्यावं, पगार आणि सेवाशर्ती तशाच राखाव्यात, आणि ते काम बंदुकीशी संबंध न येणारं असावं याची काळजी दलानं घ्यावी. बंदूक काढून घ्या, नोकरी काढू नका : वाजवी सोय म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

मात्र सोय म्हटली की ऑफिसात भुवया उंचावतात. केवढा खर्च, केवढी सवलत, उद्या सगळेच मागतील. प्रत्यक्षात या सोयी फार छोट्या असतात. लिथियम घेणाऱ्याला तहान फार लागते, हात थोडे थरथरतात, लघवीला वारंवार जावं लागतं. त्याला यंत्राजवळ पाण्याची बाटली आणि न रागावता मिळणारी पाच मिनिटं हवी असतात. क्लोझापिन सुरू झालेल्या माणसाला पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. त्याला आठवड्यात एक सकाळ हवी असते. झोप आणणारी औषधं घेणाऱ्याला पहाटेची पाळी जड जाते, दहाची जात नाही. बायपोलर आजार असलेल्याची झोप मोडली की उन्मादाचा झटका येण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याला रात्रपाळीतून वगळणं हेच अर्धं औषध आहे. नैराश्यातून उठणाऱ्याच्या लक्षात गोष्टी राहत नाहीत. त्याला तोंडी सूचनांऐवजी चार ओळी लिहून दिल्या की भागतं. यांतल्या एकाही गोष्टीला निविदा काढावी लागत नाही. मधुमेही सहकाऱ्याच्या जेवणाची वेळ आपण सांभाळतोच ना?

परतीच्या दिवसाचं काय? आपल्याकडे आजारपणानंतर ‘फिटनेस’ लागतं. त्या कागदाला दोनच उत्तरं येतात, फिट आणि अनफिट. मन मात्र पायरीपायरीनं बरं होतं. सरकारी नियमांत अर्धपगारी रजा आहे, परावर्तित रजा आहे. पण आजारातून उठलेल्यानं पहिले पंधरा दिवस निम्मंच काम करावं, अशी हजेरी मांडायला मस्टरवर रकाना नाही. माणूस सोमवारी सकाळी येतो आणि महिनाभराचं साचलेलं काम त्याच्यापुढे ठेवलं जातं, नॉर्थम्बरलँडमध्ये ठेवलं होतं तसंच. अपंगत्वाच्या दाखल्याचीही अडचण हीच. मनाच्या आजाराचं अपंगत्व मोजताना स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व आकलन आणि काम ही चार अंगं पाहतात आणि ४० टक्क्यांची रेघ ओढतात. कधी चढणारा, कधी उतरणारा आजार त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे होत राहतो. रेघेच्या अलीकडच्या माणसाला सोय लागत नाही, असं थोडंच आहे?

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभरांत १०.६ प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. नैराश्य आणि चिंतेच्या आजारांमुळे जगात दर वर्षी १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. या आकड्यांनी कंपन्या हलल्या. कोविडनंतर ऑफिसांत ध्यानाची अॅप्स आली, योगदिन आले, १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनी, हिरव्या फिती आल्या. त्यांत वाईट काही नाही. पण रात्री अकराला ईमेल टाकून सकाळी आठला उत्तर मागणारी टीम दुपारी दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत असेल, तर ती झिजलेल्या भागावरच तेल घालते आहे. लेथ त्याच वेगानं फिरतो आहे.

२०२४च्या जुलैत पुण्यात एका बड्या लेखा कंपनीत काम करणारी २६ वर्षांची सीए तरुणी गेली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. लेकीवर कामाचा किती भार होता, ते त्यात लिहिलं होतं. मृत्यूचं नेमकं कारण सांगण्याचा अधिकार वैद्यकशास्त्राचा आहे, लेखकांचा नव्हे. पण त्या पत्रानंतर हिंजवडीपासून गुरगावपर्यंत ज्या तरुणांनी ‘हे आमचंच आहे’ म्हटलं, त्यांचं म्हणणं वैद्यकीय अहवालाची वाट पाहत नाही.

याच महाराष्ट्रात लेथचा वेग कमी करून पाहण्याचा एक प्रयोग झाला आहे, आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. मुंबई पोलिसांची ड्युटी बारा तासांची, अनेकदा त्याहूनही लांब. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्यानं आहे तेवढ्या मनुष्यबळात आठ तासांची पाळी कशी बसवता येईल, याची मांडणी करून तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापुढे ठेवली. आयुक्तांनी ती बाजूला सारली नाही. देवनारला प्रयोग झाला, मग तो शहरातल्या इतर ठाण्यांत गेला. मनुष्यबळाच्या टंचाईत ती पाळी पुढे टिकवणं अवघड होत गेलं, हेही खरं. तरी या गोष्टीत कारासेक यांचा सगळा सिद्धांत आहे : ओझं कसं वाटायचं, हे ओझं उचलणाऱ्यानं सांगितलं आणि वरच्यानं ऐकलं. समुपदेशकाच्या शंभर सत्रांनी जे होत नाही, ते बायकोमुलांबरोबर जेवता येईल अशा एका वेळापत्रकानं होतं.

विम्याची बाजू अजून लंगडी आहे. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला, असं २०१७च्या कायद्यानं सांगितलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तसं कळवलंही. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि मनाचे बहुतेक आजार दाखल न होता, महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जाऊन आणि रोजच्या गोळ्यांनी बरे होतात. तो खर्च पगारातूनच जातो.

आणि ज्यांना पगारच नाही, रोज आहे, त्यांच्यापर्यंत यांतलं काहीही पोचलेलं नाही. बांधकामावरचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, दहा मिनिटांत पार्सल पोचवणारा मुलगा : यांना एचआर नाही, फिटनेस नाही, रजेचा अर्जही नाही. त्यांचा आजार आजही खाडाच आहे. १९४८च्या हजेरीपुस्तकात होता तसाच.

ज्यांच्याकडे अर्ज आहे, निदान त्यांनी एक गोष्ट आज करावी. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करावं लागतं. कोणत्या सोयी देणार, हेही त्यात लिहावं लागतं, आणि ते संकेतस्थळावर किंवा सहज दिसेल अशा जागी लावावं लागतं. आपल्या ऑफिसात ते कुठे लावलंय, हे एचआरला विचारा. नसेल तर लेखी मागा. साहेबांच्या खुर्चीत असाल तर रजेवरून परतलेल्या माणसाला ‘ताप उतरला का’ याऐवजी ‘पहिले काही दिवस काय हलकं करू’ एवढं विचारा, आणि तो जे सांगेल ते दुसऱ्या टेबलापर्यंत जाऊ देऊ नका. रात्र फारच अंगावर येत असेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.